लेवेनहूकची दाढ

मंडळी, सबमिशनच्या आठवड्यात ज्याची दाढ दुखली आहे त्यालाच दुखणं म्हणजे काय ते कळतं. रात्रीचे दोन वाजलेत, एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हाताने गाल धरलेला, आणि रूममेट लवंग मागत अख्ख्या विंगमध्ये फिरतोय! चौथ्या दिवशी मुकाट्याने डेंटिस्टकडे गेलो. मी रोज दोनदा ब्रश करतो, हे त्यांना ठासून सांगितलं. त्यांनी काही न बोलता एक आकडीसारखं हत्यार उचललं, मागच्या दोन दाढांच्या फटीतून फिरवलं आणि टोकाला आलेला पांढरट लगदा माझ्या डोळ्यांपुढे धरला. मी गप्प.

पुढचं रूट कॅनॉल, घरून मागवलेले पैसे, बाबांचं फोनवरचं व्याख्यान हे सगळं सोडून देऊ. पण तो पांढरा लगदा काही डोक्यातून जाईना. मग लायब्ररीत मायक्रोस्कोपवरचं एक पुस्तक चाळताना कळलं की हाच माल, दाढांच्या अशाच फटीतून काढून, एका माणसाने १६८३ साली भिंगाखाली धरला होता. तो माणूसही रोज नेमाने दात घासणारा होता, आणि माझ्यासारखाच त्याचा त्याला अभिमानही होता!

अँटनी व्हॅन लेवेनहूक. शाळेच्या पुस्तकात याच्या नावापुढे एक ओळ असते, सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणारा डच शास्त्रज्ञ. ती आपण पाठ केली, मार्क घेतले आणि विसरलो. नावाचे उच्चार मात्र प्रत्येक पुस्तकात वेगळे सापडतात. आपण लेवेनहूकच म्हणू.

आता त्या ओळीतला ‘शास्त्रज्ञ’ हा शब्द. हा गृहस्थ कापडाचा दुकानदार होता हो! हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात २४ ऑक्टोबर १६३२ रोजी जन्म. वडील टोपल्या विणायचे. पोरगा सहाएक वर्षांचा असतानाच ते वारले आणि आईने पुढे दुसरं लग्न केलं. शाळा थोडीफार झाली, कॉलेजचा तर प्रश्नच नाही. सोळाव्या वर्षी ॲमस्टरडॅमला एका कापडव्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला लागला. १६५४ मध्ये गावी परत येऊन त्याने लग्न केलं आणि स्वतःचं दुकान थाटलं. तागाचं कापड, बटणं, फिती असला माल. लॅटिन ही त्या काळची विद्वानांची भाषा, ती त्याला येत नव्हती. इंग्रजीही नाही. आयुष्यभर जे काही लिहिलं ते डचमध्ये, आणि तेही बाजारात बोलतात तसल्या डचमध्ये. आपल्यापैकी जे मराठी मीडियमचे फर्स्ट इयरला इंग्रजी लेक्चरमध्ये भांबावले होते, त्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

घरात दुःख बरंच. पाच मुलांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली, आणि पहिली बायको १६६६ मध्ये गेली. १६६० मध्ये त्याला नगरपालिकेत एक नोकरी मिळाली होती. अधिकाऱ्यांची खोली उघडायची, झाडून घ्यायची, थंडीत शेगडी पेटवून ठेवायची, अशी देखरेखीची कामं. नंतर १६६९ मध्ये त्याने सर्व्हेयरची परीक्षा दिली, आणि १६७९ मध्ये गावात येणारी दारूची पिंपं मोजायचं काम त्याच्याकडे आलं. म्हणजे बघा, मोजमाप हा याच्या रक्तातच! चित्रकार व्हर्मेअर त्याच्याच गावचा, त्याच्याच वयाचा. तो कर्ज ठेवून वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहायला नगरपालिकेने १६७६ साली नेमलं ते लेवेनहूकलाच. गावात हिशेबाला चोख म्हणून नाव असणार.

कापडवाले तेव्हा विणीतले धागे मोजायला भिंग वापरायचे. लेवेनहूकला भिंगाचा नाद बहुधा तिथूनच लागला. पण त्याचं भिंग दुकानातल्या भिंगावर थांबलं नाही. त्या काळी लंडनमध्ये रॉबर्ट हूक वगैरे मंडळी दोन-तीन भिंगांचे मोठे मायक्रोस्कोप वापरत. त्यात वस्तू जितकी मोठी तितकीच अंधुक दिसायची, कडांना रंगही दिसायचे. याने सरळ एकच भिंग घेतलं, टाचणीच्या डोक्याएवढं. ते पितळेच्या दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये बसवलं. एका बाजूला सुई, सुईच्या टोकावर नमुना, आणि सुई वरखाली, पुढेमागे करायला हाताने आटे पाडलेले स्क्रू. सगळं यंत्र काडेपेटीएवढं! ते डोळ्याला जवळजवळ चिकटवून उजेडाकडे धरायचं. मेकॅनिकलवाल्यांनी एकदा त्याची आकृती काढून बघावी, फोकसिंगची यंत्रणा म्हणून ती आजही सुंदर वाटते. अशी शेकडो भिंगं आणि यंत्रं त्याने घरी बनवली. आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच शिल्लक आहेत. त्यातलं सगळ्यात जबरदस्त युट्रेख्टला आहे, वस्तू सुमारे २६६ पट मोठी दाखवणारं.

भिंग कसं बनवतो हे त्याने कुणाला सांगितलं नाही. मोठमोठे लोक भेटायला यायचे, त्यांना तो साधी यंत्रं दाखवायचा, सगळ्यात चांगली आत ठेवायचा. (प्रॅक्टिकलची फाइल लपवून ठेवणारे आपल्याकडेही आहेत, नावं घेत नाही!) भिंग हे दोन पत्र्यांत कायमचं बंद, आणि यंत्र खोलणं म्हणजे मोडणं. शेवटी २०२१ साली संशोधकांनी डेल्फ्टच्याच टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या अणुभट्टीतले न्यूट्रॉन किरण त्या युट्रेख्टच्या यंत्रातून आरपार पाठवले. पितळेतून न्यूट्रॉन सहज जातात. आत सापडला काचेची तार वितळवून केलेला छोटासा गोळा. ही युक्ती हूकने स्वतःच छापून जाहीर केलेली होती. ज्या गुपितावर साडेतीनशे वर्षं तर्क चालले होते, ते मुळात लंडनच्या छापखान्यातून आलेलं निघालं. पण युक्ती माहीत असलेले बरेच होते. तासन् तास डोळा लावून बसणारा हा एकच.

१६७३ मध्ये डेल्फ्टचाच एक तरुण डॉक्टर, रेनिअर द ग्राफ, याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं की आमच्या गावात एक माणूस आहे, त्याची भिंगं तुमच्यापेक्षा चांगली आहेत. तिथून पत्रव्यवहार सुरू झाला तो पन्नास वर्षं चालला. आधी बुरशी, मधमाशीची नांगी, ऊ. मग १६७४ मध्ये तळ्याचं पाणी. आणि १६७६ मध्ये मिरी भिजत घातलेल्या पाण्यात त्याला इतके बारीक हलणारे जीव दिसले की लंडनच्या लोकांचा विश्वास बसेना. याने गावातल्या धर्मोपदेशकांसह आठ प्रतिष्ठितांना भिंगातून दाखवून त्यांची लेखी साक्ष पाठवली. अखेर नोव्हेंबर १६७७ मध्ये हूकला स्वतःला ते जीव दिसले आणि वाद मिटला. १६८० मध्ये कापडवाला रॉयल सोसायटीचा फेलो झाला. डिग्री नाही, लॅटिन नाही, फेलो!

आता आपल्या विषयाकडे येतो. १७ सप्टेंबर १६८३ चं पत्र.

लेवेनहूक तेव्हा पन्नाशीचा. पत्राची सुरुवातच त्याने स्वतःचा दात घासायचा कार्यक्रम सांगून केली आहे. रोज सकाळी मिठाने दात घासायचे, मग पाण्याने चूळ भरायची. जेवण झालं की कोरणीने दाढा कोरायच्या आणि कापडाने खसखसून पुसायच्या. परिणामी आपले दात इतके स्वच्छ आणि पांढरे आहेत की आपल्या वयाच्या फार कमी माणसांचे तसे असतील, आणि कितीही जोरात मीठ घासलं तरी हिरड्यांतून रक्त येत नाही, हेही त्याने नोंदवून ठेवलं. माझी आजी राखुंडीने दात घासायची, तिचा थाट अगदी असाच होता. सतराव्या शतकातल्या युरोपात हा माणूस म्हणजे अपवादच म्हणायचा. टूथब्रश तिथे घरोघरी पोचायला अजून बराच अवकाश होता.

इथपर्यंत कुणीही लिहील. पुढचं पाऊल महत्त्वाचं. एवढं करूनही काही दाढांच्या मध्ये भिजवलेल्या पिठासारखा पांढरा मळ साठतो, हे त्याने आरशात पाहून कबूल केलं. मग तो मळ खरवडला, स्वच्छ पावसाच्या पाण्यात कालवला आणि भिंगाखाली धरला. आधी त्याने नुसती थुंकी तपासली होती, तिच्यात काही जिवंत दिसलं नव्हतं. मळात मात्र जत्रा! एक जात लांबट, ती पाण्यातून माशासारखी सरळ मुसंडी मारायची. दुसरी भोवऱ्यासारखी गिरक्या घ्यायची. तिसरी इतकी बारीक आणि इतकी गर्दीची की चिलटांचा थवाच. त्याने आकृत्या काढून घेतल्या आणि एका जातीचा जायचा मार्ग तुटक रेषेने दाखवला. आज त्या आकृत्या पाहून जाणकार सांगतात की हे दंडगोल जिवाणू, हे गोल, हे मळसूत्री. जिवाणूंची छापून आलेली ही पहिली चित्रं, आणि ती कुणाच्या जखमेतली नाहीत की गटारातली नाहीत. एका स्वच्छ माणसाच्या दाढेतली आहेत.

माझ्या मते याच्या मोठेपणाची खूण इथे आहे. दात चकचकीत आहेत म्हणून तो थांबला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं.

मग सुरू झाला सर्व्हे. दोन बायका, बहुधा त्याची दुसरी बायको कॉर्नेलिया आणि मुलगी मारिया. आठेक वर्षांचं एक मूल. मग एक म्हातारा भेटला, सरळमार्गी, तंबाखू नाही, दारू जवळजवळ नाही. बोलता बोलता लेवेनहूकची नजर त्याच्या दातांवर गेली, ते मळाने पार लिंपलेले. चौकशी करता कळलं की आजोबांनी जन्मात कधी तोंड धुतलेलं नाही! त्यांच्या मळात जिवांची गर्दी एवढी की पाणीच जिवंत झाल्यासारखं, आणि मोठी जात अंगाला वेलांट्या देत पोहत होती.

दुसरा म्हातारा याच्या अगदी उलटा. सकाळी ब्रँडी, दुपारी वाइन आणि तंबाखू. एवढ्या दारूत हे जीव तगतात तरी का, हा लेवेनहूकचा प्रश्न. (हॉस्टेलमध्ये हा प्रश्न काही जणांना वैयक्तिक वाटेल.) यांनीही पाण्याने कधी तोंड धुतलं नव्हतं, दारूनेच रोज चूळ व्हायची. पुढच्या दातांवरच्या लेपात खरोखरच अगदी थोडे जीव सापडले. पण दातांच्या मधल्या फटींतून मळ काढला तर तिथे पुन्हा पुष्कळ. दाढांच्या फटी तपासायची सोय नव्हती, कारण या आजोबांच्या तोंडात एकही दाढ शिल्लक राहिलेली नव्हती.

यावरून त्याच्या लक्षात आलं असावं की मुद्दा फटीचा आहे. त्याने तीव्र व्हिनेगर तोंडात घेऊन खळखळून चूळ भरली आणि पुन्हा मळ तपासला. मळाच्या बाहेरच्या थरातले जीव मेलेले, आतले खुशाल जिवंत. व्हिनेगर आतपर्यंत पोचलंच नव्हतं. तोच मळ बाहेर काढून त्यात व्हिनेगर कालवलं की मात्र सगळे जागच्या जागी खलास. किती सोपा प्रयोग! या चिकट थराला आज बायोफिल्म म्हणतात. जिवाणू स्वतःभोवती चिकट पदार्थ तयार करून त्यात दाटीवाटीने राहतात, म्हणून वरून ओतलेलं औषध आतल्यांना सहज मारू शकत नाही. त्यासाठी तो थर आधी घासून मोडावा लागतो. इंटरव्ह्यूच्या दिवशी ब्रशला दांडी मारून नुसत्या माउथवॉशवर भागवणाऱ्यांनी १६८३ चा हा रिझल्ट वाचावा.

त्याच पत्रात त्याने हिशेबही मांडला, पिंपं मोजणारा माणूस तो. अख्ख्या नेदरलँड्समध्ये जेवढी माणसं राहतात त्याहून जास्त प्राणी आपण एकटे तोंडात घेऊन फिरतो, असा त्याचा अंदाज होता. त्याच्या घरी बायका भिंग बघायला यायच्या, व्हिनेगरमधल्या सुतासारख्या अळ्या बघून काहींना शिसारी यायची आणि यापुढे व्हिनेगर खाणार नाही असं त्या म्हणायच्या. त्यांना दातांतली गंमत सांगितली तर काय होईल, याची लेवेनहूकला मोठी मौज वाटत होती.

नऊ वर्षांनी, १६९२ मध्ये, त्याने पुन्हा स्वतःचे दात खरवडले. पुढच्या दातांवर जिवंत काहीच सापडेना. सकाळी तो कडकडीत कॉफी प्यायला लागला होता, तिच्या उष्णतेने जीव मेले असा त्याने तर्क केला. मग मागची दाढ खरवडली. तिथे पूर्वीइतकीच गर्दी! कॉफी तिथवर गरम पोचत नव्हती. पुन्हा मागची दाढच. आपल्या टपरीवरच्या कटिंगमुळे दात साफ होतात असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये, त्या कटिंगमध्ये साखर किती असते ते आपण जाणतो.

दात किडतो म्हणजे दातात कीड असते, ही समजूत तेव्हा युरोपातही होती. आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली कीड काढतात, तसाच प्रकार तिथे दुसऱ्या एका झाडाच्या बियांनी व्हायचा. १७०० च्या सुमारास लेवेनहूककडे दातातून काढलेले म्हणून किडे आले. त्याने ते भिंगाखाली घातले, आणि त्याच्या मते ते जुन्या चीजमध्ये होतात त्याच अळ्यांपैकी निघाले. म्हणजे दातातले नव्हे, जेवणातले. लोक ज्या किडीला घाबरत होते ती खोटी ठरवली, आणि खरी कीड तर त्याने सतरा वर्षांपूर्वीच चित्र काढून दाखवलेली होती.

पण खरी हळहळ इथेच वाटते. हे जीव दात कुजवतात, असं त्याला वाटलं नाही. मळ त्याने पाहिला, त्यातली वस्ती मोजली, आणि दाढा गमावलेला म्हातारा तर त्याच्यासमोर बसला होता. या दोन गोष्टींमध्ये त्याने रेघ ओढली नाही. ती ओढायला १८९० साल उजाडलं. बर्लिनमध्ये काम करणारा विलोबी मिलर हा अमेरिकन दंतवैद्य, त्याने तोंडातल्या सूक्ष्मजीवांवर पुस्तक लिहून दाखवलं की हे जिवाणू दातांत अडकलेल्या गोड आणि पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचं कवच विरघळवतं. मधली दोनशे सात वर्षं माणसं दात दुखला की उपटत राहिली.

लेवेनहूक मात्र म्हातारपणीही थांबला नाही. रशियाचा झार पीटर १६९८ मध्ये डेल्फ्टला आला, त्याने याला बोलावून ईलच्या शेपटीतलं रक्ताभिसरण पाहून घेतलं. रॉयल सोसायटीला एकंदर १९० च्या आसपास पत्रं गेली. शेवटच्या आजारात छातीखालचा पडदा फडफडायला लागला, तर आपल्याला नेमकं काय होतंय ते त्याने त्या अवस्थेतही लिहून कळवलं. त्या विकाराला आजही त्याचंच नाव आहे. २६ ऑगस्ट १७२३ ला वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो गेला. चांदीच्या २६ मायक्रोस्कोपची पेटी त्याने रॉयल सोसायटीला ठेवली होती, ती मारियाने पाठवून दिली. पुढच्या शतकात ती लंडनमध्ये हरवली, आजतागायत सापडलेली नाही.

राहिली फटीची गोष्ट. दातांच्या मधून मेण लावलेला रेशमी दोरा फिरवा, असं छापील पुस्तकात सांगितलं ते न्यू ऑर्लिन्सच्या लेव्ही स्पिअर पार्मली या दंतवैद्याने, १८१९ साली. लेवेनहूकला जाऊन तेव्हा ९६ वर्षं झाली होती. या कापडवाल्याने धागे भिंगातून पाहिलेले, दुकान कापडाचंच, आणि अडचण मागच्या दाढेच्या फटीत. कोरणी सुचली, फडकं सुचलं, धागा काही सुचला नाही!

माझ्या डेंटिस्टने दिलेली त्या दोऱ्याची डबी सध्या टेबलावर कॅल्क्युलेटरच्या शेजारी असते. पहिले दोन-तीन दिवस हिरड्यांतून थोडं रक्त आलं, मग थांबलं. परवा रूममेटने त्यातला हातभर दोरा काढून ब्रिजच्या मॉडेलच्या केबल बांधल्या. मॉडेल पास झालं.